उजवी पाकळी

रुचाने पाठीवरची सॅक जमिनीवर टेकवली, वरची दोरी सोडली आणि आतली तांदळाची पिशवी ओढून बाहेर काढली. तळमजल्यापासून एकोणिसाव्या मजल्यापर्यंत जिन्याने वर, लिफ्टने खाली, पुन्हा जिन्याने वर. टी-शर्ट पाठीला चिकटला होता.

"फिरून आले तांदूळ?" सीमाने ओट्याकडून विचारलं. "दे इकडे. भाताला लावायचेत."

"खाली वॉचमनकाका विचारत होते, लिफ्ट परत बंद पडली काय म्हणून."

"मग तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, हिमालयात जातेय, त्याची प्रॅक्टिस."

"जातेय म्हणून सांगितलंस?" सीमाने पिशवीतून वाटीभर तांदूळ काढले, आणखी अर्धी वाटी घेतले. "अजून ठरलंय कुठे."

रुचाने पाण्याची बाटली तोंडाला लावली. नाही म्हणणाऱ्या आईशी भांडता येतं. बघू म्हणणाऱ्या आईशी काय भांडणार? महिनाभर हेच चाललं होतं. सीमा एकदाही नाही म्हणाली नव्हती. ती विचारायची, तिथे रात्री किती थंडी असते, तंबूला आतून कडी असते का, मयूरची आई काय म्हणाली, बरोबर येणाऱ्या सुचित्राच्या घरचं कोणी येतंय का. रुचा प्रत्येक प्रश्नाचं नीट, आकड्यांसकट उत्तर द्यायची. सीमा ते शांतपणे ऐकून घ्यायची आणि शेवटी म्हणायची, "बघू."

बेत साधा होता. सहा दिवसांचा ट्रेक. पहिले दोन दिवस चिडाच्या जंगलातून चढ, पायाखाली सुयांसारख्या पानांचा निसरडा थर. तिसऱ्या दिवसापासून देवदार आणि ओकची जुनी, दाट राई, जिथे बुंध्यांपासून फांद्यांच्या टोकापर्यंत सगळं शेवाळाने मढलेलं असतं. रुचा वनस्पतिशास्त्रात एमएस्सी झाली होती आणि एका प्रयोगशाळेत शेवाळांवरच काम करत होती. तीन वर्षं ती सुकलेल्या नमुन्यांची कागदी पाकिटं उघडत होती, चिमट्याने एक-एक पान वेगळं करत होती, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवत होती. तिथे स्लाइड उजवीकडे सरकवली की चित्र डावीकडे जातं. पहिल्या आठवड्यातच हाताला त्याची सवय झाली होती, आता लक्षातही येत नसे. शेवाळांच्या दोनशे जाती ती पानाच्या कडेवरून ओळखायची. जिवंत, झाडावर वाढलेलं शेवाळाचं रान तिने एकदाही पाहिलं नव्हतं.

एप्रिलच्या आधी वर बर्फ असतं आणि मे लागला की शेवाळ कोरडं पडू लागतं, त्यामुळे तारीख पुढे ढकलण्यात अर्थ नव्हता. गिरगावचा मयूर सगळ्यांची जमवाजमव करत होता. त्याचा मेसेज सकाळ-संध्याकाळ यायचा. आजचा होता, "रुचा मॅडम, तुमचं काही ठरतंय की तुमच्या जागी माझ्या मावसभावाला घेऊ? तो शेवाळावर पाय देईल, पण येईल तरी."

"आई, मयूरला रविवारपर्यंत सांगायचंय."

"मग रविवारपर्यंत बघू की."

"काय बघणार आहेस तू नेमकं?"

सीमाने तांदूळ धुतले, पाणी कुंडीत ओतलं. मग पाठमोरीच म्हणाली, "भावोजींना सांगितलंय. कौल लावायला."

रुचाने बाटली खाली ठेवली. बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलेल्या जयवंतरावांनी पेपर थोडा वर उचलून धरला.

घरात हे नवीन नव्हतं. देवगडजवळच्या त्यांच्या गावात ग्रामदेवतेला विचारल्याशिवाय कोणी काही मोठं करत नसे. गुरव काळ्या पाषाणाच्या मूर्तीला आंघोळ घालतो, ओल्या पाषाणावर दोन्ही खांद्यांशी एकेक पाकळी चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे वाट बघत उभे राहतात. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. चाळीच्या जागी टॉवर उभा राहिला, तेव्हा जुन्या खोलीऐवजी पैसे घ्यावेत की फ्लॅट, हे देवाने सांगितलं होतं. रुचाने सायन्सला जावं की कॉमर्सला, हेही. रुचाने मात्र कौल लावताना कधी पाहिलं नव्हतं. मे महिन्याच्या सुट्टीत गावी गेली की देवळाच्या पायऱ्यांवरचं वाळलेलं शेवाळ नखाने उकरत ती बाहेरच बसायची.

"माझ्या ट्रेकसाठी कौल?"

"तुझ्यासाठीच."

"मग कधी लागणार आहे?"

सीमाने उत्तर देण्याऐवजी फोन पुसला आणि दिराला लावला. रामदासकाकांचा आवाज स्पीकरवर आला, मागे ढोल वाजत होते.

"वैनी, देव अजून पालखीत आसा. शिमगो चललोहा न्हय. देवळात इल्याशिवाय कौल लागाचो नाय."

"मग कधी येतील देवळात?"

"येतलो, येतलो. अजून वरची वाडी रवली हा. डोंगरापलीकडची चार घरा रवली हत."

फोन बंद झाला. रुचा जयवंतरावांकडे वळली.

"बाबा, देव स्वतः पंधरा दिवस डोंगरातून फिरतोय. तो कोणाला विचारून गेला?"

जयवंतरावांचा पेपर हलला. ते हसत होते. सीमा हसत नव्हती, म्हणून त्यांनी खोकून घेतलं.

"आईला विचार," ते म्हणाले.

त्या आठवड्यात रुचा दोनदा भांडली. पहिल्यांदा आवाज न चढवता. तिने कागदावर पाषाण काढला, पाकळी काढली, पाणी कसं ओघळतं, कुठली बाजू आधी सुकते, जड पाकळी आधी का घसरते, सगळं समजावून सांगितलं. सीमाने भाजी निवडता निवडता ऐकलं.

"तुझ्या बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी उजवा मिळाला होता," ती म्हणाली. "डॉक्टर सांगत होते, फिफ्टी-फिफ्टी."

"आई, कौलसुद्धा फिफ्टी-फिफ्टीच असतो."

"आणि धनेशला डावा मिळाला होता. तरी घेतला टेम्पो."

गावातल्या धनेशचा टेम्पो घाटात उलटला होता आणि धनेश अजून पाय ओढत चालायचा. त्या घाटात दरवर्षी किती गाड्या उलटतात, त्यातल्या किती जणांनी कौल घेतलेला असतो, हे रुचाला विचारायचं होतं. तिने विचारलंही. सीमाने मेथीची जुडी सोडवली आणि दुसरी घेतली.

दुसऱ्यांदा मात्र रुचाचा आवाज चढला. मयूरने सकाळीच कळवलं होतं की मावसभावाने बूट विकत घेतलेत.

"मी पंचवीस वर्षांची आहे. तुला न विचारतासुद्धा जाऊ शकते."

"जा की," सीमा म्हणाली.

"अशी नाही. तू हो म्हण."

"मग थांब."

रुचाने आतल्या खोलीचं दार लावून घेतलं. दार लावल्यावर तिला स्वतःचाच राग आला. तिकीट तिच्या पैशांचं, सुट्टी तिची, पाय तिचे. जायला खरोखर कोणी अडवलं नव्हतं. पण सहा दिवस, फोनला रेंज नसलेल्या जागी, मागे ही बाई खिडकीत उभी आहे असं डोक्यात घेऊन चालायचं, तर शेवाळ काय दिसणार? तिला आईचा होकार हवा होता, आणि तो होकार कुठल्याशा डोंगरापलीकडच्या चार घरांमध्ये ढोल वाजवत फिरत होता.

खिडकीच्या कट्ट्यावर काचेची बशी होती. प्रयोगशाळेतून आणलेला, कामातून गेलेला शेवाळाचा एक तपकिरी गुंता त्यात पडलेला होता. गेल्या पावसाळ्यात तिने तो ओट्यावर ठेवून आईला दाखवला होता. चमच्याने थेंब थेंब पाणी घातलं, तशी ती चुरगळलेली पानं एकेक करून उलगडली आणि बघता बघता हिरवी झाली. सीमा गॅस बंद करून बघत राहिली होती. "मेलेलं नव्हतंच म्हणजे," ती म्हणाली होती. "हे असं डोंगरभर असतं?" असं तिने नंतर दोन-तीनदा विचारलं होतं.

रविवारी सकाळी रुचा जिने चढून आली आणि सॅक न उतरवताच पंख्याखाली उभी राहिली. सीमा जमिनीवर बसून मिरच्यांची देठं काढत होती. डंकावर कुटायला द्यायच्या मसाल्याची तयारी. तिचा फोन फ्रिजवर वाजला.

"रामदासकाकांचा व्हिडिओ आहे," रुचा म्हणाली.

"थांब, हात धुते. मिरचीचे हात आहेत."

रुचा थांबली नाही. व्हिडिओत आधी नुसता अंधार होता, मग समईचा उजेड, मग तुळतुळीत काळा पाषाण. डोळे चांदीचे. दोन खांद्यांशी दोन लाल पाकळ्या. गुरवाचं गाऱ्हाणं लांबून ऐकू येत होतं, "बा देवा महाराजा, मुंबैक तुझी लेकरा आसत..." त्यात तिचं नाव होतं, आणि 'हिमालय' हा शब्दसुद्धा होता. त्या आवाजात तो शब्द ऐकून तिने फोनचा आवाज वाढवला. ती चिडून स्क्रीनकडे बघत राहिली. पाणी ओघळलं. एक पाकळी हलली, घसरली, पडली. तिथेच व्हिडिओ संपला.

"उजवी," रुचा म्हणाली. "आई, उजवी पडली. झालं?"

सीमा पदराला हात पुसत आली. चष्मा लावला. एकदा पाहिलं. पुन्हा सुरुवातीपासून लावलं आणि पाकळी पडल्यावरही काळ्या पडद्याकडे बघत राहिली.

"मग? उजवी ना?"

सीमाने मान वर केली. समोर रुचा उभी होती, पाठीवर तांदळाची सॅक, कपाळाला चिकटलेले केस, दोन्ही हातांचे अंगठे पट्ट्यांत अडकवलेले. लहानपणी दप्तर घेऊन शाळेच्या बसची वाट बघताना ती अशीच उभी राहायची.

"हो," सीमा म्हणाली. "उजवी."

फोन तिच्या हातातच वाजला. ती तो घेऊन खिडकीशी गेली. "हो, भावोजी. बघितला... हो... समजलं मला. नाही, मीच सांगते तिला."

रुचाने तोवर मयूरला कळवून टाकलं होतं. मावसभावाचे बूट आता परत करायला हरकत नाही, असं.

त्यानंतर घरात जे सुरू झालं त्याची रुचाने अपेक्षा केली नव्हती. सहा दिवसांचं जेवण पाठीवरून न्यायचं, तर ते सुकवून न्यायला हवं; शिजवायचं, वाळवायचं, वर गेल्यावर गरम पाणी ओतून खायचं, असं तिने मागेच एकदा सांगितलं होतं. सीमाने ते मनात ठेवलं होतं. टॉवरच्या गच्चीला कुलूप असायचं. टाक्या आणि अँटेना सोडून तिथे कोणालाच प्रवेश नव्हता, आणि नव्या इमारतीत आल्यापासून घराघरातल्या बायकांनी पापड-कुरडयांचा नाद सोडला होता. सीमा सोसायटीच्या सेक्रेटरीच्या दारात जाऊन उभी राहिली. ती कधी कोणाकडे काही मागायला जात नसे.

"किल्ली दिली त्यांनी?" रुचाने विचारलं.

"न देऊन सांगतात कोणाला. मुलगी हिमालयात चाललीय म्हटलं."

दोन आठवडे ती रोज वर जात होती. जुन्या सुती साड्यांवर मुगाची खिचडी, उकडलेले वाटाणे, किसलेला बटाटा पसरायची, चारी टोकांना विटा ठेवायची आणि टाकीच्या सावलीत काठी घेऊन कावळे हाकत बसायची. उन्हाने तिचा चेहरा रापला. घरात मात्र तिचं बोलणं कमी झालं होतं. सोमवारी सकाळी रुचाने पोह्यांची बशी पुढे केली, तर तिने ती परत सरकवली.

"सोमवार धरलाय."

"आजपासून? किती दिवस?"

"तू येईपर्यंत."

"पण कौल तर मिळालाय ना?"

"मिळालाय म्हणून काय झालं," सीमा म्हणाली आणि खिचडीचं पातेलं उतरवायला उठली.

रुचाला पुन्हा वैताग आला. देवाने परवानगी दिली, तरी वर उपवास. पुरावा मिळाल्यावरसुद्धा ज्यांचं समाधान होत नाही अशा माणसांशी बोलायचं तरी काय? ती प्रयोगशाळेत निघून गेली.

निघायला चार-पाच दिवस उरले होते तेव्हाची गोष्ट. तेव्हाही सोमवारच होता. रुचा खऱ्या सामानाने भरलेली सॅक पाठीला लावून बघत होती, तांदूळ एकदाचे डब्यात गेले होते. खांद्यांवरचे पट्टे नीट बसेनात.

"बाबा, जरा ओढून द्या. उजवा आवळा, डावा सैल आहे तसाच राहू दे."

जयवंतराव तिच्यासमोर उभे राहिले. त्यांनी पट्टा धरला आणि ओढला. सॅक एका बाजूला झुकली.

"अहो, उजवा."

"उजवाच ओढला."

"तो तुमच्या उजव्या हाताकडचा. माझा उजवा इकडे."

"मग तसं सांगायचं ना, कोणाचा उजवा ते," जयवंतराव कुरकुरले आणि दुसरा पट्टा आवळू लागले.

रुचा हलली नाही. पट्टा बसला होता, तरी ती तशीच उभी राहिली. मग सॅक अंगावर असतानाच तिने फ्रिजवरचा आईचा फोन घेतला आणि व्हिडिओ काढला. समई. पाषाण. चांदीचे डोळे, सरळ तिच्याकडे बघणारे. पाकळी घसरली आणि पडली, स्क्रीनच्या उजव्या बाजूची, तिच्या उजव्या हाताकडची.

"बाबा, कौलात उजवा कोणाचा धरतात?"

"कोणाचा म्हणजे? देवाचा." जयवंतरावांनी पट्ट्याचं टोक नीट खोचलं. "आपल्याला कोण विचारतंय."

"तुम्ही हा व्हिडिओ पाहिला होता?"

"मला कुठे कोण काय दाखवतं. तुझी आई म्हणाली उजवा, झालं."

आतून वाफेचा आवाज आला. सीमा पाणी उकळत होती. रुचाने सॅक उतरवली, फोन होता तिथे ठेवला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. ओट्यावर सुकवलेली पाकिटं रांगेत होती, प्रत्येकातली हवा नीट दाबून काढलेली. एक पाकीट सीमाने फोडलं होतं. मूठभर कोरडी खिचडी पातेल्यात पडली, खड्यांसारखी वाजली. तिने वरून पाणी ओतलं आणि झाकण ठेवलं.

"म्हटलं बघू तरी, नीट फुलते का. वर गेल्यावर कळून काय उपयोग."

रुचा ओट्याला टेकली. आईचे हात उन्हाने काळवंडले होते, नखांच्या कडांना हळदीचा पिवळेपणा होता.

"आई."

"हं."

"काकांना सांगू या का, परत एकदा विचारायला?"

सीमाने पुढचं पाकीट उचललं. त्यात हवा राहिलेली नव्हती, तरी ती अंगठ्याने दाबत राहिली.

"कशाला?"

"असंच. आम्हीसुद्धा एकदा केलेल्या प्रयोगावर विश्वास ठेवत नाही. तीनदा करतो."

"देवाला एकच गोष्ट दोनदा विचारत नाहीत."

"पण आई—"

"उजवी पडली होती," सीमा म्हणाली. तिने पाकीट रांगेत ठेवलं आणि पहिल्यांदाच रुचाकडे सरळ पाहिलं. "तूच बघितलीस ना?"

बाहेर जयवंतरावांनी टीव्ही लावला. रुचाने रांगेतलं शेवटचं पाकीट सरळ केलं.

"हो," ती म्हणाली. "मीच बघितली."

सीमाने मान हलवली. तिने ओटा पुसून घेतला. मग सीमाने झाकण काढलं. वाफ वर आली. खालचे दाणे फुलले होते, मऊ, पिवळे, एकमेकांना धरून बसलेले, जणू कधी वाळलेच नव्हते.

"बघ. तुझ्या त्या शेवाळासारखं," सीमा म्हणाली आणि चमचाभर खिचडी तिच्यापुढे धरली. "मला आज चालायची नाही. त्या सोमवारी शिजवली तेव्हाही चाखली नव्हती. मीठ बघ."

रुचाने घास घेतला. सीमा तिच्या चेहऱ्याकडे बघत होती. खिचडीत मीठ नव्हतं. कमी नाही, अजिबातच नव्हतं.

तिने सावकाश चावलं, गिळलं आणि चमचा परत दिला.

"बरोबर आहे," ती म्हणाली.